शनिवारी कूलर बंद

आज सकाळी कूलरच्या ताट्या बदलणारा माणूस येऊन गेला. जुना, काळा पडलेला वाळा त्यानं अंगणात काढून टाकला, नवा भरला, टाकीत पाणी सोडून पंप लावून पाहिला, आणि घरभर ओल्या वाळ्याचा वास पसरला. अकोल्यात उन्हाळा असा वासानं येतो. शेजारच्या गच्चीवर कुरडयांसाठी धोतरं अंथरली गेली आणि आमच्या खिडकीत कूलर घरघरू लागला, की समजायचं, आता दोन-अडीच महिने भर दुपारी शहाण्या माणसानं दार उघडायचं नाही.

आमचे वकीलसाहेब, म्हणजे माझे यजमान, लगेच कूलरसमोर खुर्ची ओढून बसले. डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "यंदा शनवारीबी चालू राहीन ना हा?"

मी हसले. हसता हसता मन मात्र मागच्या एका उन्हाळ्यात जाऊन बसलं. त्या उन्हाळ्यात दर शनिवारी दुपारी दीडला मी हा कूलर बंद करत असे. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही, डांबर मऊ व्हायचं, आणि मी घरातला एकमेव गारवा स्वतःच्या हातानं बंद करून लॅपटॉपसमोर बसायची. कारण कूलरच्या घरघरीत माझं इंग्रजी मलावीतल्या पोरांना ऐकू जात नसे. वकीलसाहेब बनियनवर, खांद्यावर ओला पंचा टाकून, आतल्या खोलीत येरझाऱ्या घालायचे. "मलावीले इंग्रजी येऊन राहिली," ते भिंतीला सांगायचे, "अन् मी इथं शिजून राहिलो."

हे सगळं गिफ्टमुळे. गिफ्ट आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. इथल्या कृषी विद्यापीठात मातीवर संशोधन करायला मलावीहून आला होता. मलावी आफ्रिकेत आहे एवढंच मला ठाऊक होतं. नेमका कुठं, ते नकाशात चष्मा लावून शोधावं लागलं, आणि तेही त्याच्या नकळत, कारण मी पडले शिक्षिका. पहिल्या वर्षी तो माझ्याशी इंग्रजीत बोलायचा. पुढं भाजीबाजारात जाऊन जाऊन तो असं वऱ्हाडी बोलू लागला, की पुण्याची माझी मावसबहीण आली होती ती घाबरलीच. "मावशी, तुमी जेवून घ्या, काहून उपाशी बसून राहिल्या?" असं तो तिला खडसावून म्हणाला. ती बिचारी मुकाट्यानं जेवायला बसली. मला तो सगळ्यांदेखत मॅडम म्हणायचा. आपल्या घरी फोनवर मात्र माझा उल्लेख 'भारतातली आई' असा करायचा. हे मला फार उशिरा कळलं, आणि त्या कळण्यामुळेच पुढचा सगळा उलगडा झाला.

शिक्षण संपवून तो परत गेला. सरकारी खात्यात लागला, आणि शनिवारी आपल्या गावच्या माध्यमिक शाळेत जाऊन मुलांना शिकवू लागला. एकदा फाल्गुनात त्याचा फोन आला. शाळेला कुणीतरी जुने कंप्युटर दिले होते. "मॅडम, पोट्टे कंप्युटर उघडते, तेच्यावर लिहेल वाचते अन् भेवून बंद करते. सारं इंग्रजीत. बोलाची सवयच नाही त्यायले. तुमी शनवारी एक घंटा द्या."

मी म्हटलं, अरे, मी नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत सारी हयात इंग्रजी शिकवलं, पण कंप्युटर कुठं शिकवला? तो म्हणाला, "कंप्युटर पोट्टेच शिकवतीन तुमाले." आणि तसंच झालं. पहिल्या शनिवारी मी चांगली दहा मिनिटं स्वतःची ओळख करून दिली, आवाजात चढ-उतार ठेवून, हातवारे करून. मग पहिल्या बाकावरच्या एका पोरानं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद मला दाखवला, की बाई, तुमचा आवाज बंद आहे. कुठलं बटण दाबायचं त्याचं चित्रही काढलं होतं. मी दाबलं. पलीकडून सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

तिथल्या पोरांना पुस्तकातलं इंग्रजी यायचं. शाळेचे सगळे विषय त्याच भाषेत. निबंध तर इतके नेटके, की मला माझ्या नांदगावच्या हुशार मुलांच्या वह्या आठवायच्या. पण त्या वह्यांची गंमत मला पक्की माहीत होती. माझी मुलंही गायीवर, दिवाळीवर, रेल्वेप्रवासावर पानभर इंग्रजी लिहायची, आणि तपासणीला आलेल्या साहेबानं "बाळ, नाव काय तुझं?" असं इंग्रजीत विचारलं की पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायची. भाषा डोक्यात भरून ठेवलेली असते, तिला बाहेर यायला दार लागतं. ते दार नक्की कुठं असतं, हे इतकी वर्षं शिकवूनही मला सांगता आलं नसतं.

आम्ही ईमेल लिहायला घेतलं. एका मुलानं अख्खं पत्र विषयाच्या ओळीत लिहिलं, 'आदरणीय बाई'पासून 'आपला आज्ञाधारक'पर्यंत, आणि खालची जागा कोरी सोडली. मी सांगितलं की विषय थोडक्यात हवा. त्यानं उलट विचारलं की महत्त्वाचं तर वरच लिहायचं ना? वकीलसाहेब आतून म्हणाले, "बराबर आहे त्याचं."

हवामानावर वाक्यं करायची होती, त्या दिवशी मात्र मजा आली. मी सांगितलं की इथं इतकं ऊन आहे की गच्चीवर टाकलेली कुरडई संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळते. कुरडई म्हणजे काय, हे कुठल्याही शब्दात सांगता येईना, म्हणून उठून डब्यातली एक आणली आणि कॅमेऱ्यापुढं धरली. पलीकडून एका मुलीनं मक्याचं कणीस वर धरलं. त्यांच्याकडं मक्याची काढणी सुरू होती, आणि मुलं स्वेटर घालून बसली होती. पृथ्वीच्या खालच्या अंगाला ऋतू उलटे, हे मी भूगोलात शिकले होते आणि परीक्षेत लिहूनही आले होते. पण पदरानं मान पुसता पुसता समोरच्या पोराला हातावर फुंकर मारताना पाहिलं, तेव्हा ते खरं वाटलं.

त्या वर्गात तादाला होती. गिफ्टच्या थोरल्या बहिणीची मुलगी. शेवटच्या वर्षाला, उंच, रुंद कपाळाची, फार कमी बोलणारी. त्यांच्यात मामाचा भाचीवर मोठा अधिकार असतो, आणि जबाबदारीही त्याचीच. गिफ्टनं मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, बाबा, आमच्याकडं मामा लग्नात पाठीशी उभा राहतो आणि सुटतो, तुझ्यावर तर सगळाच भार. तो म्हणाला, "म्हनूनच तं तुमाले सांगून राहिलो."

सांगायचं होतं ते असं. शहरातल्या एका नर्सिंग कॉलेजात तादालानं अर्ज केला होता. लेखी परीक्षेत ती उतरली होती. आता उरली होती मुलाखत, कंप्युटरवर, इंग्रजीत. ती साधली तर शिक्षण आणि राहणं फुकट. नाही साधली तर तिची शाळा इथंच संपणार होती. तिच्या दोन मैत्रिणींची लग्नं झाली होती आणि तिच्यासाठीही घरात बोलणी सुरू होती. तिची आई आजारी असायची, मोठ्या माणसांना पोरीचं उरकून टाकायची घाई होती, आणि मामानं त्यांच्याकडून ही एकच संधी मागून घेतली होती.

मी म्हटलं, त्यात काय, वर्ग संपला की तिला एकटीला बसवू.

आणि तिथं माझी फजिती सुरू झाली. वर्गात बाकावर असायची तेव्हा तादाला सगळ्यांसारखी उभी राहून उत्तर द्यायची. पण एकटी लॅपटॉपपुढं आली, मी तिला नावानं हाक मारली, की पोरगी गायब. पडद्यावर नुसती मागची भिंत, भिंतीवर एक नकाशा, आणि कुठून तरी खालून येणारा तिचा आवाज. आवाज स्वच्छ, वाक्यं सुरेख, पण माणूस नाही. मला आधी वाटलं, लॅपटॉप कलला. गिफ्टला सांगितलं, नीट ठेव. त्यानं नीट ठेवला. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मग वाटलं, पोरगी लाजते, टेबलाखाली लपते. शिक्षिकेच्या आवाजात म्हटलं, पळू नकोस, समोर ये. ती समोर आली, खुर्चीवर बसली, माझ्याकडं बघितलं आणि तोंडाला कुलूप. मी साधं विचारलं, तुला परिचारिका का व्हायचंय? उत्तर नाही. ओठ हलले, मान खाली गेली. या वेळी बटण बंद नव्हतं.

संध्याकाळी मी गिफ्टला फोन करून वैतागून विचारलं, अरे ही पोरगी जाते तरी कुठं? तो हसायला लागला, मग एकदम हसायचा थांबला. "मॅडम, ते गुडघे टेकून बसते. आमच्याकडे घरच्या, मानाच्या मोठ्या मानसासंग एकटं बोलाचं असलं तं पोरीले गुडघे टेकाव लागते. मी तिले सांगतलं ना, की ह्या माह्या भारतातल्या आई आहेत म्हनून."

म्हणजे इतके शनिवार ती पोर माझ्यापुढं गुडघे टेकून बोलत होती, आणि मी तिला म्हणत होते, पळू नकोस. फोन ठेवल्यावर मला रडूच आलं. वकीलसाहेबांना वाटलं, उन्हाचं काही झालं. त्यांनी पन्हं करून आणलं, तेही मिठाशिवाय.

पुढच्या शनिवारी मला एक युक्ती सुचली. मी म्हटलं, लॅपटॉप टेबलावरून काढा आणि ठेंगण्या स्टुलावर ठेवा. ठेवला. तादाला आली, गुडघ्यांवर बसली, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा बोलताना दिसला. काय बोलली ती पोर. गावापासून दवाखाना किती लांब आहे, आईला सायकलच्या मागे बसवून नेताना ती कशी मागून धरून चालते, दवाखान्यातली एक परिचारिका आईच्या कपाळावर हात ठेवून आधी नाव विचारते आणि मग दुखणं. इंग्रजीतच बोलत होती. चुका होत्या, पण वाक्य कुठं अडखळलं नाही. मला वाटलं, झालं, जिंकलो. मुलाखतीच्या दिवशी स्टूल ठेवायचं.

त्याच संध्याकाळी गिफ्टचा फोन आला. इतका रागावलेला तो मी कधी ऐकला नव्हता. "मॅडम, ह्या पोरीयले जमिनीवरून उठवाले मी हे सारं करून राहिलो. अन् तुमी कंप्युटरच खाली ठेवा म्हंता?"

मी म्हटलं, अरे, तिथं तिला बोलता येतं.

"येईन ना खुर्चीवर. सवय नाही तिले. ते शहरातले लोक पाह्यतीन, गावंढळ समजतीन. उद्या डाक्टरपुढे गुडघे टेकून उभी राहीन का पेशंट धरून?"

त्याचं घर, त्याची भाची, त्याचा समाज. मी इथं अकोल्यात बसून तिच्या गुडघ्यांविषयी काय सांगणार? आणि खरं सांगायचं तर तो जे म्हणत होता ते मला चांगलं ठाऊक होतं, त्याच्यापेक्षाही चांगलं. अकोल्याला आम्ही पुढं आलो; मी लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा सासरे तिथले नावाजलेले वकील. बैठकीत खुर्च्याच खुर्च्या. पण त्यांच्यासमोर घरातली सून खुर्चीवर बसत नसे. कुणी मनाई केली नव्हती, फक्त बसत नसे. मी दिवसभर नांदगावला शाळेत खुर्चीवर बसून, टेबलावर छडी आपटून इंग्रजी शिकवायची, आणि संध्याकाळी एसटीनं घरी आले की डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी सतरंजीवर बसायची. सासरे चांगले होते. वर्तमानपत्रातलं एखादं इंग्रजी वाक्य अडलं तर मला विचारायचे. मी खाली बसून सांगायची, ते वर बसून ऐकायचे. अर्थ अगदी बरोबर सांगायची मी. तरी वर बसून ऐकणाऱ्याला खालून सांगितलेला अर्थ आपला राहत नाही, असं काहीतरी मनात यायचं. ते मी कधी कुणापुढं बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शोभाताईंच्या गच्चीवर कुरडया होत्या. शोभाताईंची बार्शीटाकळीकडं फुलशेती आहे, पण कुरडयांच्या दिवसांत त्या झेंडूलाही विचारत नाहीत. आमच्या गल्लीची रीत अशी, की आज एकीच्या गच्चीवर, उद्या दुसरीच्या. चीक शिजला की सगळ्या जणी खाली बसतात, साचा हातोहात फिरतो आणि ऊन चढायच्या आत धोतर भरतं. आंबूस गरम वाफ तोंडावर येत होती, हात चिकट झाले होते, आणि मी गुडघे मुडपून बसल्या बसल्या विचार करत होते, की जमिनीवर बसण्यात कमीपणा कुठं आहे? इथं सगळ्याच खाली आहेत. सगळे खाली असले की जमीन ही बसायची जागा असते. एकच जण खाली असला की तीच जमीन बोचते. म्हणजे गिफ्टचं बरोबर होतं. पण ज्या मुलीची भाषा गुडघ्यांवर बसल्यावरच उमलते, तिला ओढून खुर्चीवर बसवणं, हेही वरूनच दिलेलं फर्मान नव्हतं का? सासऱ्यांचं मौन आणि माझं 'समोर ये', दोहोंत फार अंतर नव्हतं.

शोभाताई म्हणाल्या, "मॅडम, कुठं लक्ष आहे? कुरडई सोडून लांब लांब सरगुंडे करून राहिल्या."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकलं आणि म्हणाल्या, "मले तं काई समजत नाही बा. मी तं तिच्यासाठी नवसाचं नारळ बोलून ठेवतो." एवढं म्हणून त्यांनी साचा पुढं सरकवला.

शेवटी मी गिफ्टला म्हटलं, आपण भांडणं बंद करू आणि पोरीला विचारू. तो नाखुशीनं हो म्हणाला. शनिवारी तादालापुढं दोन्ही गोष्टी ठेवल्या, खुर्ची आणि स्टूल. तुला कसं बरं वाटतं ते तू ठरव, असं मी म्हटलं. मग तिनं विचारलं, मुलाखत घेणारी माणसं किती, आणि वयानं कशी? गिफ्टनं सांगितलं, तिघं, त्यातल्या एक बाई बऱ्याच मोठ्या. तिनं मान हलवली. म्हणाली, कळलं. काय कळलं ते ना मला कळलं, ना तिच्या मामाला. स्टूल मात्र तिनं स्वतः उचलून भिंतीशी नेऊन ठेवलं. गिफ्टचा चेहरा खुलला, माझा नाही; कारण खुर्चीवरची तिची गप्प जिवणी माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

तिला जागा मिळाली, हे आधीच सांगून टाकते. कुणाला उगाच ताटकळत ठेवण्याचा माझा स्वभाव नाही. आता ती शहरात शिकते, आणि मला ईमेल पाठवते, विषय थोडक्यात लिहून. पण त्या दिवशी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मुलाखतीच्या दिवशी मी सकाळपासून देवघरात दोनदा जाऊन आले, स्वयंपाकात हळद विसरले, आणि फोन हातात धरून बसले. तिथं आपलं काही काम नाही, आवाजही पोचणार नाही, हे माहीत असून दुपारी मी कूलर बंद केला. वकीलसाहेब माझ्या शेजारी येऊन बसले आणि वर्तमानपत्रानं वारा घालत राहिले, मला आणि स्वतःला आळीपाळीनं.

शेवटी गिफ्टचा फोन आला. मुलाखतीच्या वेळी तो शाळेच्या त्या खोलीबाहेर, खिडकीशी उभा होता. त्यानं पाहिलं ते असं. लॅपटॉप टेबलावर, समोर खुर्ची. पडद्यावर पलीकडची तीन माणसं आली. तादाला खुर्चीपाशी गेली, पण बसली नाही. खाली वाकली, गुडघे टेकले आणि पडद्यावरून नाहीशी झाली. पलीकडचे साहेब हॅलो, हॅलो करू लागले. आवाज येतोय का, चित्र गेलंय का, असं एकमेकांना विचारू लागले. "मॅडम, मी दारातून आत पळणारच होतो. म्हटलं, गेलं सारं पान्यात."

तेवढ्यात ती उठली. घाईनं नाही. खुर्ची ओढली, बसली, पाठ ताठ केली आणि थेट कॅमेऱ्यात बघत इंग्रजीत म्हणाली, "मी तुम्हाला नमस्कार करत होते. आता बोलायला बसले आहे."

"हे वाक्य तुमी शिकवलं का?" गिफ्टनं मला विचारलं.

"नाही रे."

"मीबी नाही."

मग मी विचारलं, पुढं काय झालं? तो सांगू लागला. पहिला प्रश्न त्या साहेबांनी विचारायचा होता, त्यांनी समोरचे कागद चाळले. पण ती म्हातारी बाई पुढं झुकली, तिनं चष्मा काढला आणि इंग्रजी बाजूला ठेवून, तादालाच्या गावच्या भाषेत, नमस्काराला उत्तर म्हणून जे विचारतात ते विचारलं. घरी सगळे बरे आहेत ना, बाळ? आई कशी आहे?

तादालानं त्याचं उत्तर खुर्चीवरूनच, न अडखळता, इंग्रजीत दिलं.